बेंबीवाल्या बाटल्या

ज्या कार्डामुळे मला रोह्याला जावं लागलं ते कार्ड माझ्यासमोर आहे. टाइप केलेल्या चार ओळी आणि खाली एक सही, जी कुणालाच वाचता येणार नाही.

आम्ही आठजणी. माझी चौथी झाली आहे. बाकीच्या सातजणींना सही येते, वाचता येत नाही. परत आल्यावर मी त्यांना सगळं सांगायला बसले, पण चार माणसं बघायला लागली की माझं बोलणं गिळलं जातं. मग निम्मं हिरानेच सांगितलं. हिरा माझी धाकटी जाऊ. ती सांगते तेव्हा त्यात तिखटमीठ जास्त. म्हणून जसं झालं तसं एकदा लिहून ठेवते.

आमचं गाव पेणच्या मागे, खाडीला लागून. घरोघर मिठागराचं काम. खाडीचं पाणी आत घ्यायचं, वाफ्यांत उन्हाने आटवायचं, मीठ ओढायचं. माझ्या सासूच्या वेळी भरतीबरोबर शेवाळ आणि काटक्या यायच्या. आता बाटल्या येतात. गोव्याच्या रस्त्याने गाड्या जातात, आतली माणसं पाणी पितात, थंड पितात आणि खिडकीतून बाटली टाकून मोकळी होतात. ती ओढ्यातून खाडीत येते, खाडीतून आमच्या वाफ्यात. टाकणाऱ्याला कुणी घाणेरडा म्हणत नाही. उचलतो आम्ही, म्हणून आम्हाला 'कचरेवाल्या' हे नाव पडलं. हा राग माझ्या मनात आधीपासूनच होता. कार्ड नंतर आलं.

दीड वर्षामागे रोह्याजवळच्या धाटावच्या एका कंपनीतून नीलिमाबाई नावाची तरुण मुलगी आमच्याकडे आली. ती कंपनीच्या प्रयोगशाळेत होती. तिला पारदर्शक बाटल्या हव्या होत्या. सोबत एका काचेच्या डबीत काळी पूड होती. म्हणाली, ही बाटल्यांचीच. बाटली बंद भट्टीत, हवा न लागू देता भाजायची, मग त्या कोळशाला वाफ द्यायची, की त्याला आतून भोकं पडतात, डोळ्याला न दिसणारी. मी विचारलं, घावनाला जाळी पडते तशी का? ती म्हणाली, अगदी तशी, फक्त घावनाची जाळी वरून दिसते आणि ही आतल्या आत असते. त्या जाळीत गॅस शिरतो आणि बसून राहतो. टाकीत ही पूड भरली तर कमी दाबात जास्त गॅस मावतो. आणि दोन गॅस एकमेकांत मिसळलेले असले तर बारका जाळीत अडकतो, मोठा निघून जातो, असे ते वेगळे करता येतात.

हिराला ते पटेना. चाळणीत अडकतं ते मोठं, बारीक खाली जातं, मग हे उलटं कसं? मी हळूच म्हटलं, बांधातल्या बिळासारखं असेल. बारकी चिंबोरी बिळात शिरून बसते, मोठी बाहेरच्या बाहेर जाते. नीलिमाबाई माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, हे मी आमच्या साहेबांना असंच सांगणार.

एकच अडचण होती. बाटल्या दोन जातींच्या, दिसायला सारख्या. साध्या पाण्यात दोन्ही बुडतात. आमच्या वाफ्यातल्या दाट खाऱ्या पाण्यात टाकल्या, तिथेही दोन्ही बुडल्या. एक जात चांगली. दुसरी भट्टीत गेली तर आंबट धूर निघतो, तो लोखंड खातो आणि माणसाचे डोळे जाळतो. नीलिमाबाई तांब्याची तार तापवून बाटलीला लावायची आणि ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली की ती बाटली वाईट. पण ढीगभर बाटल्यांना एकेक करून तार कोण लावणार?

मी बाटल्या निथळायला पालथ्या ठेवत होते, तेव्हा मला दिसलं. काही बाटल्यांच्या बुडाला मधोमध एक टिंब असतं, बाळाची नाळ पडल्यावर राहतं तसं. बाकीच्यांच्या बुडाला टिंब नसतं, आडवी शिवण असते. मी हिराच्या कानात सांगितलं, "हिला बेंबी हाय, हिला नाय." हिराने ते सगळ्या बांधाला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं. नीलिमाबाईने दोन ढीग केले आणि दिवसभर तार लावत बसली. शिवणवाल्या सगळ्या हिरव्या झाल्या. बेंबीवाली एकही नाही. तिने वहीत तो शब्द तसाच लिहून घेतला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, बाई, दुसरं काहीतरी लिहा, ही वही पुरुषमाणसं वाचतील. ती म्हणाली, "शोध तुमचा, शब्दही तुमचाच राहू दे."

तेव्हापासून आम्ही बेंबी बघून बाटल्या निवडत होतो. धुवून, वाळवून मिठाच्या गोणीत भरायच्या आणि सुतळीने तोंड शिवायचं. मिठाची गोणी शिवताना दोन्ही कोपऱ्यांना कान ठेवतात, उचलायला बरं पडतं. बाटल्यांच्या गोणीला कानाची काही गरज नव्हती, पण हाताला वळण तेच. महिन्यातून एकदा कंपनीचा टेम्पो यायचा. कधी तक्रार आली नाही. मग नीलिमाबाईचं लग्न ठरलं, ती नोकरी सोडून गेली. नंतर आम्ही अकरा गोणी पाठवल्या आणि तीन आठवड्यांनी कार्ड आलं.

पोस्टमनने ते बांधावरच वाचलं. माझ्या नावावर आलेलं कार्ड त्याने माझ्या हातात दिलं नाही. बायकांना वाचता येत नाही असं धरून त्याने भरल्या कामात, मजुरांसमोर, मोठ्या आवाजात वाचलं. आपल्या मालामुळे आमची भट्टी खराब झाली आहे. अशिक्षित महिलांकडून वर्गीकरणाचे काम होऊ शकत नाही असे दिसून आले आहे. यापुढे आपला माल स्वीकारला जाणार नाही.

मजुरांतला एकजण म्हणाला, बाटल्या पण निवडता येत नाय काय गो तुम्हाला? सगळे हसले. आमच्यातली सगळ्यात म्हातारी बाई उठली आणि बाटल्यांचा निवडलेला ढीग फडक्याने झाकू लागली, जशी काही ती चोरी होती. ते मला सहन झालं नाही. मी चार वर्गांत बसलेली आहे. वर्ग काय असतो मला कळतं. आमची चूक असती तर मी मान खाली घातली असती. चूक नसताना मान खाली का घालायची? मी हिराला म्हटलं, रोह्याला जायचं. ती म्हणाली, "बाय, तू बोलशील तिथं?" मी म्हटलं, बघू.

शुक्रवार, पेण ते रोहा

पेणहून रोहा म्हणजे काही लांब नाही. तरी आम्ही दोघी कधी गेलो नव्हतो. पिशवीत पोह्याचे पापड, एक जुनं आणि एक कोरं अशी दोन कार्डं घेतली. कोरं कार्ड राहायची वेळ आली तर घरी कळवायला. हिराने वरून फडक्यात बांधून सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, घेतले, कुणाकडे उतरावं लागलं तर मोकळ्या हाताने कसं जायचं म्हणून. दोन्ही जातींची एकेक बाटलीही घ्यावी असं ती म्हणत होती. मी म्हटलं, बाटल्या कंपनीत असतील.

पॅसेंजर गाडीत जागा होती. कासूला एक म्हातारी चढली, डोक्यावर टोपली, टोपलीत मडकं. आदल्या संध्याकाळी मडक्यात भाजलेली पोपटी होती, रोह्याला लेकीकडे नेत होती. तिने मडक्याच्या तोंडातला भांबुर्ड्याचा पाला जरा बाजूला केला आणि सगळ्या डब्यात तो वास पसरला. वालाच्या शेंगा गार झाल्या होत्या तरी अशा चवीच्या की आम्ही नको नको म्हणत दोन ओंजळी खाल्ल्या. आमच्याकडे पोपटीत मीठ जाडं टाकतात, तिने ओवा जास्त टाकला होता.

हिराने तिला आमची सगळी कथा सांगितली. म्हातारीने भट्टी म्हणजे काय विचारलं. मी सांगितलं, पोपटीसारखीच, मडकं बंद, जाळ बाहेरून, आत हवा नाही. तेवढं तिला लगेच कळलं. शेंग सोलता सोलता म्हणाली, "पोपटी बिघडली तं आमी पयलं इचारतो, मडकं भरलं कुनी. त्यांनी इचारलं का?"

त्यांनी विचारलं नव्हतं. बाटल्या आम्ही पाठवल्या म्हणून दोष आमचाच धरला होता. भट्टीत कुणी काय भरलं हे त्या कार्डात कुठेच नव्हतं. मी तेच कार्ड चार दिवस वाचत होते आणि ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

रोह्याला उतरून धाटावची गाडी धरली. कुंडलिकेवरचा पूल लागला. लांबून नदी आमच्या खाडीपेक्षा देखणी आहे, दोन्ही काठांना झाडी. धाटाव जवळ आलं तसा वास बदलत गेला. एका फाटकापाशी कुजलेल्या अंड्यांचा, पुढच्या फाटकापाशी गोडसर. हिराने पदर नाकाला लावला. गाडीतल्या बाकी कुणी लावला नाही.

कंपनीचं फाटक बंद. वॉचमन खुर्चीत बसून पाय ताणून होता. आम्ही नमस्कार केला. तो म्हणाला, आज सुट्टी. हिरा म्हणाली, सुट्टी रविवारी असते. तो हसला. इथे प्रत्येक कंपनीची सुट्टी वेगळी, यांची शुक्रवारची, हे अख्ख्या धाटावला माहीत आहे म्हणे. आम्ही धाटावच्या नाही, हे त्याला दिसत होतं. थोडं पाणी मागितलं तर नळ आत आहे म्हणाला, आणि आत सोडायची परवानगी नाही. उन्हात त्या भिंतीला लागून आम्ही परतीच्या गाडीची वाट बघत उभ्या राहिलो. भिंतीच्या वरून मला शेडचं छप्पर दिसत होतं. आमच्या बाटल्या आत गेल्या होत्या, आम्हाला पाणीही मिळत नव्हतं.

रोहा, रिबकामावशीकडे

राहायला रिबकामावशीकडे गेलो. ती माझ्या आईच्या गावची, शेजारच्याच घरातली. ते ज्यू, त्यांना शनवार तेली म्हणायचे, घरचा घाणा होता आणि शनिवारी तो बंद. आता त्यांचे सगळे इस्रायलला गेले. मुलगे तिकडे बोलावतात, ही जात नाही. म्हणते, तिकडे मला कोण गो म्हणेल?

मला तिने वीस वर्षांनी बघितलं तरी दारातच ओळखलं. दाराच्या चौकटीला एक लहानशी डबी ठोकलेली आहे, तिला हात लावून तिने तो हात ओठांना लावला आणि आम्हाला आत घेतलं. हिराने लगेच फडकं सोडून सोडे पुढे केले. मी डोळ्यांनी खुणावत होते, पण उशीर झाला होता. मावशीच्या घरी कोळंबी चालत नाही हे मला लहानपणापासून माहीत होतं आणि मी हिराला सांगायचं विसरले. मावशीने सोड्यांचा वास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "वास घ्यायला देवाने कुठे मनाई केली आहे? शेजारणीला देते, तिचं कल्याण होऊ दे." आणि पापड मात्र दोन्ही हातांनी घेतले.

संध्याकाळच्या आत तिला सगळा स्वयंपाक उरकायचा होता, कारण दिवस मावळला की तिचा शनिवार लागतो, मग विस्तव नाही. कोळीण मासे घेऊन आली. मावशीने एकेक मासा हातात घेतला, अंगठ्याने उलटा घासला. खवलं लागलं तर टोपलीत, नाही लागलं तर परत, कारण बिनखवल्यांचा मासा तिच्या धर्मात चालत नाही. कोळीण म्हणत होती, किती बघशील मावशे, सगळे एकाच जाळ्यातले. मावशी म्हणाली, "जाळं तुझं, तोंड माझं." नारळाच्या दुधातली कढी तिने अशी केली की मी तीनदा भात घेतला. आमच्याकडे याच माशाचं आंबटतिखट सांबारं करतात. तिची कढी सौम्य, पण त्यात हिरवी मिरची लपून बसलेली.

जेवताना मी तिला सगळं सांगितलं. तिच्यासमोर मला बोलता येतं. बेंबीपाशी आले आणि अडखळले. हिरा म्हणाली, हीच तर गंमत आहे मावशी, हिने शोधून काढलं आणि हीच बोलत नाय. उद्या साहेब विचारेल कसं निवडता, तर ही जमिनीकडे बघेल.

मावशीने हात धुतले. म्हणाली, "मी मासा कसा निवडते ते बघितलंस? खवलं. कुणी विचारलं तर मी सांगते खवलं. मला कोण अशिक्षित म्हणतं?" मी म्हटलं, खवलं वेगळं आणि हे वेगळं, अंगाचं नाव आहे. ती म्हणाली, "बेंबी सगळ्यांना असते गो. साहेबालापण असेल."

हिरा हसून हसून आडवी पडली. मीही हसले. पण झोपताना मी तो शब्द मनात म्हणून बघत होते आणि मनातसुद्धा हळूच म्हणत होते.

शनिवार, धाटाव

सकाळी मावशीकडे चूल नव्हती. कालचा गार भात आणि कढी खाऊन निघालो. पहिल्या शिफ्टची गाडी भरून आली होती. सगळे पुरुष, हातात डबे. आम्हाला बसायला जागा एकाने दिली. त्याचे डोळे लाल होते, पापण्यांना खपल्या. शेजारच्याने त्याला विचारलं, काशिनाथ, डोळे बरे हायत का? तो म्हणाला, "बरे कुठले. भट्टी उघडली आणि आग शिरली डोळ्यांत. चार दिस आंधळा होतो. त्या पेणच्या बाया, काय भरून धाडलं होतं कोण जाणे. एकदा समोर आल्या तर इचारीन."

समोर नाही, त्याने दिलेल्या जागेवरच आम्ही बसलो होतो. हिरा उठायला लागली. मी तिचं मनगट धरून ठेवलं. मला त्याचा राग आला नाही. त्याला जे सांगितलं होतं ते त्याने धरलं होतं. मला राग आला तो सांगणाऱ्याचा. ज्याने दोन्हीकडची माणसं एकमेकांवर घातली आणि स्वतः खुर्चीत बसला. धाटाव येईपर्यंत मी त्या माणसाच्या पापण्या बघत होते.

आजचा वॉचमन दुसरा होता. त्याने तासभर बाहेर ठेवलं, मग आत सोडलं. नवे साहेब मराठी नव्हते. मराठी समजत होतं, बोलत होते हिंदी आणि मध्ये मध्ये मराठी. ते शेडमध्येच उभे होते, एका गंजून चाळण झालेल्या नळीपाशी. आम्ही पेणहून आलो म्हटल्यावर त्यांनी ती नळी आम्हाला दाखवली आणि बोलायला सुरुवात केली. हे किती महत्त्वाचं काम होतं, वरच्या ऑफिसला काय उत्तर द्यायचं, शिकलेली माणसं ठेवायला हवी होती, त्या आधीच्या मॅडमने भावनेच्या भरात गावातल्या बायकांना काम दिलं. त्यांच्या बोलण्यात आम्ही कुठे शिरायचं तेच कळेना. काशिनाथ फावडं घेऊन बाजूला उभा होता. आम्ही कोण हे त्याला आता कळलं होतं आणि तो आमच्याकडे बघत नव्हता.

मी जमिनीकडेच बघत होते. हिरा म्हणाली होती तसंच. आणि जमिनीकडे बघत होते म्हणूनच मला भिंतीच्या कडेला खाली ठेवलेल्या गोण्या दिसल्या.

त्यांना कान होते.

मी हिराला कोपराने ढोसलं. तिने बघितलं आणि साहेबांचं बोलणं चालू असतानाच जाऊन मोजायला लागली. अकरा. सगळ्यांची तोंडं शिवलेली, आमच्याच सुतळीने, आमच्याच गाठीने. वर धूळ बसलेली. एकही उघडलेली नाही.

हिरा म्हणाली, "साहेब, अकरा धाडल्या होत्या. अकरा इथंच हायत. मग तुमची भट्टी काय वास घेऊन बिघडली?"

साहेब थांबले. काशिनाथने फावडं खाली ठेवलं, जवळ येऊन एका गोणीचा कान हातात धरला, सुतळी बघितली. मग तोच म्हणाला की भट्टीत गेला तो माल मुंबईच्या भंगारवाल्याचा होता, ट्रकने आलेला, दाबून गठ्ठे केलेला. त्यातच पेणच्या बाटल्या होत्या असं सांगितलं, ते आपण धरलं, आपण फक्त भरतो. साहेब म्हणाले, बाटली ती बाटली, सगळ्या पारदर्शकच होत्या, त्यात काय फरक? आणि टेबलावरची वही उचलून म्हणाले की मॅडमने इथे काहीतरी लिहून ठेवलं आहे, पण त्याचा अर्थ लागत नाही. इंग्रजीत लिहिलेलं त्यांनी वाचून दाखवलं. ओन्ली बेंबी. नॉन-बेंबी रिजेक्ट.

"मैंने सबको पूछा," ते म्हणाले. "ये बेंबी कौन है? कोई सप्लायर है? कोई गाँव है?"

कुणीतरी हसलं. मला कळलं की त्यांनी कुणाला विचारलंच नव्हतं. त्या शेडमध्ये दहा मराठी माणसं होती. एकाला जरी विचारलं असतं तर एका शब्दात भट्टी वाचली असती, काशिनाथचे डोळे वाचले असते आणि आमच्या नावाला कार्ड आलं नसतं. एवढं शिकून त्यांना ज्याचा अर्थ लागला नाही तो शब्द माझा होता. आणि अशिक्षित आम्ही.

सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण हिरा माझ्याकडे बघत होती. ती मुद्दाम गप्प राहिली. नाहीतर ती कधी गप्प राहते?

मी जवळच्या फुटलेल्या गठ्ठ्यातून एक बाटली ओढली. बुडाला शिवण. मग आमची एक गोणी उसवली, त्यातली एक काढली. दोन्ही पालथ्या करून साहेबांच्या टेबलावर ठेवल्या. एक पडली, ती उचलून परत ठेवली.

मी म्हटलं, "बेंबी." आवाज आला नाही. परत म्हटलं. "ही बेंबी. हिला हाय. हिला नाय. ही भट्टीत घालायची, ही घालायची नाय. आमच्यात सगळ्यांना कळतं."

साहेबांनी बोट लावून ते टिंब बघितलं. मग गठ्ठ्यातल्या आणखी सात-आठ बाटल्या उलट्या केल्या. काही बेंबीवाल्या, काही शिवणवाल्या, सगळा काला. वही मिटली. मग म्हणाले, ठीक आहे, काम चालू ठेवा, पुढच्या महिन्यात टेम्पो येईल.

ठीक आहे. एवढंच. हिराच्या चेहऱ्यावर हसू आलं, ती निघायला वळली. मला तिथून हलता येईना. मी पिशवीतून त्यांचं कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. म्हटलं, हे गावात सगळ्यांसमोर वाचलं गेलं. आता दुसरं पाहिजे.

ते म्हणाले, भेज देंगे. मी म्हटलं, नाही, आत्ता. त्यांना वाटलं मी जाईन. मी आमच्याच एका गोणीवर बसले. मला दुसरं काही सुचलं नाही. त्यांना ते हट्टासारखं दिसलं असेल, तर बरंच झालं. ते म्हणाले, टाइप करणारा आज नाही, आणि मराठी त्यांना लिहिता येत नाही.

मी कोरं कार्ड काढलं. म्हटलं, "मी लिहिते. तुम्ही सही करा."

पेन काशिनाथने दिलं. मी गोणीवर कार्ड ठेवून सावकाश लिहिलं. पेणच्या बायकांचा माल चांगला होता. भट्टी दुसऱ्या मालाने बिघडली. यापुढे फक्त बेंबीवाल्या बाटल्या भट्टीत जातील. लिहिलेलं साहेबांना वाचून दाखवलं. त्यांनी सही केली, तीच वळवळणारी. मी म्हटलं, नाव वाचता येईल असं लिहा. त्यांनी खाली सरळ अक्षरात नाव लिहिलं. मी दोन्ही कार्डं पिशवीत घातली. माफ करा म्हणाले नाहीत. काशिनाथने मात्र फाटकापर्यंत येऊन, गाडीत बोललो ते माहीत नव्हतं म्हणून बोललो, असं सांगितलं. मी त्याला डोळ्यांना काय लावता ते विचारलं. कंपनीने काय दिलं ते नाही विचारलं, कारण ते त्याच्या पापण्यांवर दिसत होतं.

हिरा म्हणाली, कार्ड हातातच घेऊन जाऊ, पोस्टात कुठे हरवलं तर? मी ऐकलं नाही. रोह्याच्या पोस्टाच्या पेटीत टाकलं. पहिलं ज्या वाटेने आलं त्याच वाटेने दुसरं यायला हवं होतं.

मंगळवार, बांधावर

पोस्टमन दुपारी आला. सायकल बांधाला टेकवली. आम्ही आठजणी निवडायला बसलो होतो, मजूर पलीकडे मीठ ओढत होते. त्याने कार्ड मनात वाचलं. मग माझ्यापुढे धरलं, पालथं, मजकूर खाली.

मी हात पुढे केला नाही. म्हटलं, वाचा.

तो म्हणाला, तुला येतं की वाचायला.

"येतं," मी म्हटलं. "तुम्ही वाचा. मोठ्याने."

त्याने वाचलं. शेवटच्या ओळीत एका शब्दापाशी अडकला, माझ्याकडे बघितलं, आणि मी मान हलवली तेव्हा तोही वाचला. पलीकडे मीठ ओढायचं थांबलं होतं. आमच्यातल्या म्हातारीने ढिगावरचं फडकं काढलं, झटकलं आणि खांद्यावर टाकलं.

पहिलं कार्ड त्याने कुणी न सांगता मोठ्याने वाचलं होतं. दुसरं वाचायला मला सांगावं लागलं.